आडवे शब्द, उभे शब्द

शब्दकोडें सोडविणें हा निव्वळ रिकामपणचा उद्योग होय, असें मानणारें एक तरी वडील माणूस प्रत्येक घरांत असतें. आणि वर्तमानपत्र दारांत पडतांच कोड्याचें पान अलगद काढून घेणारेंहि एक माणूस बहुधा त्याच घरांत असतें. कधीं कधीं हीं दोन माणसें एकच असतात, ही गोष्ट निराळी. या दोन पक्षांच्या वादांत निवाडा देण्याचा आमचा विचार नाहीं. कोडें सोडवितांना आपली बुद्धि नेमकें काय करते, चांगल्या कोड्यांत आणि वाईट कोड्यांत भेद कशानें पडतो, आणि त्याच भेदावरून एके काळीं आपल्या देशांत कायदे करण्याची व सर्वोच्च न्यायालयानें निकाल देण्याची वेळ कां आली, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

शब्दकोश आपणांस शब्दावरून अर्थाकडे नेतो. वाचतां वाचतां एखादा शब्द अडतो, आपण कोश उघडतों, अर्थ पाहतों आणि पुढें जातों. शब्दकोड्यांत प्रकार अगदीं उलटा असतो. तेथें अर्थ समोर छापलेला असतो, घरें मोजून ठेवलेलीं असतात, आणि शब्द तेवढा बेपत्ता असतो. वर्णक्रमानें लावलेला कोश अशा वेळीं मुका होऊन बसतो; कारण ज्याला शब्दच आठवत नाहीं त्यानें तो कोणत्या अक्षराखालीं पाहावा? म्हणून कोडें सोडविणें म्हणजे व्याख्येवरून शब्द ओळखणें, आणि ही विद्या कोश चाळण्याहून फार निराळी आहे.

या खेळाचा जन्म अलीकडचा आहे. मूळचे लिव्हरपूलचे पण अमेरिकेंत स्थायिक झालेले आर्थर विन नांवाचे गृहस्थ तेथील ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणीचें काम पाहत असत. नाताळच्या अंकासाठीं कांहीं नवें हवें म्हणून त्यांनीं २१ डिसेंबर १९१३ रोजीं शंकरपाळ्याच्या आकाराची एक चौकट छापली. तिचा मध्य मोकळा होता, आणि आजच्यासारखीं काळीं घरें तींत नव्हतीं. सूचना बहुतेक सरळ व्याख्यांच्या होत्या. पण त्या पहिल्याच कोड्यांत वाईट कोड्याचे दोन नमुने सांपडतात. गोमुती नांवाच्या ताडाच्या तंतूस काय म्हणतात, असा एक प्रश्न त्यांत होता. तो तंतु न्यूयॉर्कमध्यें किती जणांनीं पाहिला असेल, हें विन यांनाच ठाऊक. दुसरें असें कीं, पारव्याच्या जातीच्या एकाच पक्ष्याचें नांव त्यांत दोन वेळां उत्तर म्हणून आलें होतें, आणि त्यांतील एकाची सूचना नुसती ‘पक्षी’ एवढीच होती. एक व्याख्या इतकी अरुंद कीं आंत शिरतां येऊं नये, आणि दुसरी इतकी रुंद कीं सगळें अरण्य तींत मावावें! पुढील शंभर वर्षांत कोडीं रचणाऱ्यांनीं जें शहाणपण मिळविलें, तें या दोन टोकांच्या मधली वाट शोधण्याचेंच होय.

१९२४ सालीं सायमन आणि शुस्टर या दोन तरुण प्रकाशकांनीं कोड्यांचें पहिलें पुस्तक काढलें. तें खपेल कीं नाहीं या धास्तीनें त्यांनीं त्यावर आपल्या संस्थेचें नांव घालण्याचें टाळलें, आणि प्रत्येक प्रतीस एक पेन्सिल जोडून दिली. पुस्तक तडाख्यानें खपलें. मग अमेरिकेंत अशी सांथ पसरली कीं, बॉल्टिमोर आणि ओहायो रेल्वेनें उतारूंसाठीं गाड्यांतून शब्दकोश ठेवले, आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानें, कोडींवाल्यांच्या गर्दीपुढें खऱ्या अभ्यासकांस कोश मिळेनासे झाले, अशी तक्रार केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें या छंदावर त्याच सालीं कडक टीका केली. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर मात्र, वाचकांस काळोखाच्या रात्रीं घालविण्यास कांहीं तरी साधन हवें असें त्याच्या संपादकांस वाटूं लागलें, आणि १५ फेब्रुवारी १९४२ पासून त्या पत्रानें स्वतःचें कोडें सुरू केलें. सोवळ्यांतल्या माणसानें उशिरां कां होईना पंक्तीस बसावें, तसाच हा प्रकार झाला.

परंतु अर्थावरून शब्दाकडे जाण्याची सोय जगांत प्रथम न्यूयॉर्कला झाली, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्याकडे मुंज झालेल्या मुलाकडून जो अमरकोश पाठ करून घेत, त्याची रचना वर्णक्रमाची नसून अर्थाची आहे. स्वर्ग, दिशा, काल, भूमि, नगर, अरण्य, पशु, मनुष्य असे वर्ग पाडून एकेका वस्तूचीं सगळीं नांवें अमरसिंहानें सुमारें दीड हजार श्लोकांत एकत्र गोंवलीं आहेत. इंग्रजींत रॉजे यांचा अर्थानुसारी कोश १८५२ सालीं निघाला. आपल्या पणजोबांच्या डोक्यांत त्याच जातीचा कोश लहानपणापासून होता. त्याहूनहि विशेष गोष्ट अशी कीं, अमरकोशाच्या तिसऱ्या कांडांतील नानार्थवर्ग, म्हणजे एका शब्दाचे अनेक अर्थ सांगणारा भाग, शब्दांच्या शेवटच्या व्यंजनाप्रमाणें लावलेला आहे: आधीं ककारान्त शब्द, मग खकारान्त, मग गकारान्त. ज्याला शब्दाचें शेवटचें घर सांपडलें आहे आणि पहिलीं सांपडत नाहींत, त्याला याहून उपयुक्त कोश दुसरा कोणता मिळणार?

एक उदाहरण घेऊं. ‘पाणी’ अशी सूचना आहे आणि घरें तीन आहेत. जल, नीर, तोय, वारि, अंबु हे सगळे दोन घरांचे म्हणून बाद झाले. उरले उदक, सलिल आणि जीवन. पहिलें घर ‘स’ आलें तर प्रश्नच मिटला. तें अजून रिकामें असेल तर पेन्सिल खालीं ठेवावी आणि उभ्या शब्दांकडे वळावें. घाई करणारा येथें ‘उदक’ भरून मोकळा होतो, आणि मग त्या एका शब्दाच्या जोरावर अर्धें कोडें चुकवितो. आतां सूचना जर ‘पाणी, आणि आयुष्यहि’ अशी असेल तर मात्र आडवें-उभें पाहण्याचें कारण उरत नाहीं. ‘जीवन’ हाच शब्द दोन्ही व्याख्यांत बसतो. दोन सैल व्याख्या एकत्र बांधल्या म्हणजे त्यांची एक घट्ट व्याख्या होते. संस्कृतांतून आलेल्या शब्दांचें भांडार या कामीं अक्षय आहे. ‘सूर्याचा, सरकारचा आणि आपला’ असें विचारलें आणि घरें दोन असलीं तर ‘कर’. किरण, सारा आणि हात हे तिन्ही त्यांत आले. ‘शब्दाच्या पोटांत आणि सावकाराच्या पेटींत’ असतो तो ‘अर्थ’. ‘मुंज झालेला मुलगा, पक्षी आणि दांत’ या तिघांत साम्य काय, असें विचारल्यास प्रथम हंसूं येईल. पण तिघेहि दोनदां जन्म घेतात, म्हणून तिघेहि ‘द्विज’.

समासाची फोड करण्याची संवय असणारास अर्धें कोडें फुकट सुटतें. पाण्यांत जन्मलें तें जलज, पाणी देणारा तो जलद, पाण्याचा सांठा तो जलधि. कमळ, ढग आणि समुद्र यांच्यामध्यें अंतर फक्त शेवटच्या घराचें! ‘जल’च्या जागीं ‘नीर’, ‘तोय’ किंवा ‘अंबु’ घातलें कीं तितक्याच नव्या नांवांची रास पडते. त्यांतला ‘जलद’ हा तर मोठा फसवा शब्द आहे: आकाशांत तो संस्कृत असतो आणि रेल्वेच्या स्टेशनावर फारशी.

व्याख्येचें व्याकरण पाहणें ही गोष्ट नवशिक्यांकडून हटकून राहून जाते, आणि मराठींत तर व्याकरण हाच अर्धा दिवा आहे. ‘वाहणारी’, घरें दोन, असें असेल तर नदी. ‘वाहणारा’ असेल तर वारा किंवा ओढा. ‘वाहणारें’ असेल तर पाणी. एका मात्रेच्या फरकानें उत्तर नदीवरून वाऱ्यावर जातें. इंग्रजी सूचनेंत ही सोय नाहीं, कारण त्या भाषेंतील विशेषणास लिंगच नसतें. तसेंच शब्दाच्या जातीचें. ‘राग’ अशी सूचना असेल तर रोष, कोप, क्रोध यांपैकीं एक. पण ‘रागावलेला’ असें असेल तर रुष्ट किंवा क्रुद्ध. पुष्कळांच्या हातून ‘रागावलेला’च्या घरांत ‘क्रोध’ बसविला जातो. पहिलें अक्षर बहुधा जुळत नाहीं, म्हणून मग कोडें रचणाऱ्यास दोष दिला जातो. यावर उपाय सोपा आहे. एक लहानसें वाक्य करावें आणि त्यांत सूचना काढून उत्तर ठेवावें. ‘रागावलेला मनुष्य’ बरोबर, ‘रुष्ट मनुष्य’ बरोबर, ‘क्रोध मनुष्य’ चूक. क्रियापद विचारलें असेल तर आपल्या कोशकारांच्या रूढीप्रमाणें तें ‘णें’मध्यें संपतें, म्हणजे ‘चावून गिळणें’ असें दिसतांच शेवटचें घर न विचारतां भरावें.

आतां आपल्या लिपीचा विचार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, कारण मराठी कोड्याचें खरें वैशिष्ट्य तेथेंच आहे. इंग्रजी कोड्यांत एका घरांत एक वर्ण जातो, आणि सगळे वर्ण मिळून अवघे २६. आपल्याकडे एका घरांत एक अक्षर जातें. त्यांत व्यंजन, त्याची मात्रा आणि प्रसंगीं जोडाक्षरहि आलें. चौतीस व्यंजनांची नुसती बाराखडी मांडली तरी संख्या चारशेंच्या वर जाते, जोडाक्षरें वेगळींच. ‘विद्यार्थी’ हा एवढा भरगच्च शब्द, पण त्यास घरें लागतात तीन. आणि त्याचें तिसरें घर दुसऱ्या शब्दानें छेदावें म्हटलें तर ‘र्थी’ असलेला शब्द हुडकावा लागतो. ‘स्वार्थी’ हाताशीं असतो, हें नशीबच म्हणावयाचें. ‘पाणी’ शब्दाचें दुसरें घर घेतलें तर निराळीच अडचण. ‘ण’ आणि ‘ळ’ हीं व्यंजनें मराठी शब्दाच्या आरंभीं येत नाहींत. म्हणून त्या घरापासून खालीं उभा शब्द सुरूच करतां येत नाहीं. तो वरून आणून तेथें संपवावा, नाहीं तर ‘आणीबाणी’सारखा लांब शब्द त्यांतून ओंवून न्यावा. अमेरिकेच्या कोड्यांत प्रत्येक घर आडव्या व उभ्या अशा दोन्ही शब्दांत मोडतें. इंग्लंडांत साधारणपणें एक घर सोडून एक छेदलें जातें. मराठींत इतकी दाट वीण बहुधा साधत नाहीं; काळीं घरें अधिक ठेवावीं लागतात.

याचा परिणाम व्याख्येवर होतो. छेदणाऱ्या शब्दाची मदत जितकी कमी, तितका भार व्याख्येनें अधिक उचलला पाहिजे. अमेरिकन कोड्यांत ‘पक्षी’ एवढी ढिलाई खपून जाते, कारण उत्तराचें प्रत्येक अक्षर दुसरीकडूनहि मिळतें. मराठी कोड्यांत अशी सूचना देणें म्हणजे सोडविणारास अंधारांत सोडून देणें होय. इंग्रजी कोड्यांची चौकट उचलून त्यांत मराठी शब्द कोंबणारे लोक ही गोष्ट विसरतात, आणि मग दोन घरांच्या शब्दास ‘एक वस्तु’ अशा तऱ्हेच्या सूचना वाचण्याचा प्रसंग आपणांवर येतो.

शब्दकोडें होऊं शकतें हीच मुळांत भाषेच्या घडणीविषयीं कांहीं सांगणारी गोष्ट आहे, हें क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें दाखवून दिलें. संदेशवहनाच्या गणितावरील १९४८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत त्यानें दोन-तीन वाक्यांत हा विचार मांडला आहे. प्रत्येक भाषेंत कांहीं भरताड असतें. म्हणजे कांहीं अक्षरें गाळलीं तरी उरलेल्यांवरून वाक्य लागतें. हें भरताड शून्य असतें तर कोणतींहि अक्षरें कशींहि मांडलीं तरी शब्दच झाला असता, आणि प्रत्येक चौकट आपोआप कोडें ठरली असती. तें फार असतें तर अक्षरांवरील बंधनें इतकीं वाढलीं असतीं कीं मोठीं कोडीं रचणेंच अशक्य झालें असतें. हें प्रमाण निम्म्यावर असेल तर मोठीं कोडीं जेमतेम साधतात, आणि एक तृतीयांशावर असेल तर लांबी-रुंदीबरोबर उंचीहि असलेलीं कोडीं साधावीं, असा त्याचा हिशेब. सकाळच्या चहाबरोबर आपण ज्या चौकटींत घरें भरतों, तिच्या पोटीं एवढें गणित दडलेलें असतें.

इंग्लंडांत या खेळानें निराळें वळण घेतलें. ‘टाइम्स’चें पहिलें कोडें १ फेब्रुवारी १९३० रोजीं निघालें. त्या सुमारास तेथें सरळ व्याख्येऐवजीं गूढ सूचना देण्याची पद्धति रुजत होती. सूचनेच्या एका टोकास खरी व्याख्या असते आणि उरलेल्या भागांत शब्दांचा खेळ असतो. दोन्ही वाटा एकाच उत्तराशीं आल्या पाहिजेत, हा नियम ‘झिमेनीझ’ या टोपणनांवानें कोडीं रचणाऱ्या मॅकनट यांनीं पुढें १९६६ सालच्या आपल्या पुस्तकांत सविस्तर मांडला. पण आपल्या पंडितांस हें सारें जुनेंच वाटेल. प्रहेलिका ही चौसष्ट कलांपैकीं एक; दंडीनें तिचे सोळा प्रकार सांगितले आहेत. ज्या श्लोकांत प्रश्नाच्याच शब्दांत उत्तर लपलेलें असतें त्यास अंतर्लापिका म्हणतात. कोणत्या बलवानास थंडी बाधत नाहीं, असें संस्कृतांत विचारावें, आणि त्यांतील दोन शब्द जोडून वाचले कीं ‘ज्याच्याजवळ कांबळें आहे त्यास’ असें उत्तर निघावें, ही करामत आपल्या पाठशाळांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. मराठींतहि हें सहज साधतें. ‘वानराच्या पोटांतला माणूस’, घरें दोन: उत्तर ‘नर’. ‘दोन्हीकडून वाचलें तरी ताजेंच’, घरें तीन: उत्तर ‘नवीन’. अक्षरास एक घर दिल्यामुळें हे उलटसुलट सारखे शब्द मराठींत फार मिळतात. कनक, जलज, सरस आणि पांच घरांचा नवजीवन हे सहज आठवणारे. भारवीनें किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गांत आणि माघानें शिशुपालवधाच्या एकोणिसाव्या सर्गांत घातलेले सर्वतोभद्र बंध, जे चौकटींत मांडले असतां चारी बाजूंनीं सारखेच वाचतां येतात, ते याच गुणावर उभे आहेत. काव्य म्हणून ते वाचवत नाहींत, असें आमचें प्रांजळ मत आहे. पण घरांत अक्षर बसविण्याची ती परमावधि होय.

दुसऱ्या महायुद्धांत या खेळाचा लष्कराशींहि संबंध आला. १९४२ च्या जानेवारींत ‘डेली टेलिग्राफ’नें बारा मिनिटांच्या आंत कोडें सोडविण्याची परीक्षा घेतली, आणि तींत उतरलेल्या कांहींना शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामासाठीं बोलावणें आलें. १९४४ सालीं नॉर्मंडीवरील स्वारीच्या तोंडावर त्याच पत्राच्या कोड्यांत ‘उटा’, ‘ओमाहा’, ‘मलबेरी’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘नेपच्यून’ असे त्या स्वारीचे गुप्त शब्द एकामागून एक उत्तरें म्हणून छापून आले. कोडीं रचणारे लेनर्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक होते. गुप्त पोलीस त्यांच्या दारीं गेले. कसून चौकशी झाली. निष्पन्न कांहीं झालें नाहीं. चाळीस वर्षांनीं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, चौकटी भरण्याचें काम ते मुलांस देत आणि मुलांनीं ते शब्द जवळच्या छावणींतील शिपायांच्या तोंडून ऐकले होते.

आपल्या देशांत मात्र कोड्यानें सरकारदरबार गाठला तो पैशाच्या पायीं. स्वातंत्र्याच्या आगेमागें बक्षिसी कोड्यांचें पेव फुटलें होतें. प्रवेशासाठीं थोडी फी, आणि बक्षीस हजारों रुपयांचें. त्यांतली गोम समजून घेण्यासारखी आहे. या कोड्यांत सूचना अशा बेतानें लिहीत कीं, उत्तर एक नसून दोन असावीं, आणि दोन्ही सारखींच बसावीं. आमच्या मनचें एक उदाहरण देतों. ‘गुरुजींविषयीं मुलांच्या मनांत ही असते’. घरें दोन, दुसरें घर ‘ति’ छापलेलें, आणि पहिल्या घरास कोणताहि उभा शब्द छेदत नाहीं. उत्तर प्रीति कीं भीति? संसारी मनुष्य म्हणेल, गुरुजींवर अवलंबून! पण मोहोरबंद पाकिटांत एकच उत्तर ठेवलेलें असतें आणि तें कां, याचें कारण कोणीं कोणास द्यावयाचें नसतें. आतां अशा दहा सूचना एका कोड्यांत आहेत असें समजा. प्रत्येकीस दोन पर्याय, म्हणजे एकूण प्रकार झाले १०२४. प्रवेशास चार आणे फी धरली तर सगळे प्रकार भरून पाठविण्यास २५६ रुपये लागतील. गरीब कारकून सगळे प्रकार भरूं शकत नाहीं. तो वीस भरतो, तीस भरतो, आणि एका अक्षरानें चुकलों म्हणून पुढच्या आठवड्यास चाळीस भरतो. तें एक अक्षर त्याच्या अकलेचें नव्हतेंच, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. उलट आपण अगदीं कांठावर आलों होतों असेंच त्यास वाटत राहतें. महिन्याच्या वाणसामानाचे पैसे या वाटेनें गेले म्हणजे घरांतल्या बाईनें ती रात्र कशी काढावी?

मुंबई सरकारनें १९४८ सालीं सोडती आणि बक्षिसी स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. मग कांहीं चालकांनीं आपली पत्रें प्रांताबाहेर छापून इकडे पाठविण्याची वाट धरली, म्हणून त्या कायद्यांत दुरुस्ती झाली. आणि बंगळूरहून निघणाऱ्या एका पत्रांतील कोड्यांवरून खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो चमारबागवाला यांचा खटला म्हणून कायद्याच्या अभ्यासकांस अजून परिचित आहे. ९ एप्रिल १९५७ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, हीं कोडीं जुगाराच्या जातीचीं आहेत, आणि जुगार हा व्यापार नव्हे. म्हणून व्यापाराच्या घटनात्मक स्वातंत्र्याचा आधार त्यास घेतां येणार नाहीं. दरम्यान १९५५ सालीं संसदेनें बक्षिसी स्पर्धांचा कायदा केला होता. शब्दकोडें, गाळलेला शब्द, चित्रकोडें, नांव कांहींहि असो, महिन्याकाठीं एकूण बक्षीस एक हजार रुपयांहून अधिक असतां कामा नये आणि एका स्पर्धेस दोन हजारांहून अधिक प्रवेशपत्रें घेतां कामा नयेत, असें त्यानें ठरविलें. त्याच दिवशीं दिलेल्या दुसऱ्या निकालांत न्यायालयानें हा कायदा उचलून धरला. पण ज्या स्पर्धेंतलें यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतें, ती या कायद्याच्या कक्षेबाहेर, असाहि त्याचा अर्थ लावला. म्हणजे प्रश्न पुन्हा व्याख्येवरच येऊन ठेपला. सूचनेवरून विचार करून एकाच उत्तराशीं जातां येत असेल तर ती विद्या. दोन उत्तरांच्या फाट्यावर आणून सोडीत असेल तर तो जुगार. आजहि एखादें बक्षिसाचें कोडें पुढ्यांत आलें, मग तें छापील असो वा दूरध्वनीच्या पडद्यावरचें, तर पैसे मोजण्यापूर्वीं एवढें एकच पाहावें: न छेदलेल्या घरांत दुसरें अक्षर घातलें असतां अर्थ तितकाच चांगला लागतो काय? लागत असेल तर पान उलटावें.

घरांत बसून फुकट सोडविण्याच्या कोड्याची गोष्ट वेगळी. त्यांत एकत्र कुटुंबासारखें सोयीचें मंडळ नाहीं. इंग्रजींत एकाच शब्दानें नणंद, जाऊ, वहिनी आणि मेहुणी या चौघींची बोळवण होते. मराठींत ‘नवऱ्याच्या भावाची बायको’ म्हटलें कीं जाऊ, ‘नवऱ्याची बहीण’ म्हटलें कीं नणंद, ‘मुलाची सासू’ म्हटलें कीं विहीण. पदवीधर नातू येथें बोटें मोजीत बसतो आणि आजी माजघरांतून उत्तर सांगून मोकळी होते. ‘तांदूळ धुण्याची सच्छिद्र टोपली’, घरें तीन, याला ‘रोवळी’ हें उत्तर सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. वस्तु गेली कीं शब्द जातो, आणि व्याख्येवांचून त्यास परत बोलावण्याचें दुसरें साधन नाहीं. मोल्स्वर्थसाहेबांनीं १८३१ सालीं काढलेला आणि १८५७ सालीं वाढविलेला कोश, तसेंच दाते, कर्वे प्रभृतींनीं १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांत सिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश, हे या कामीं खजिने आहेत. शिकागो विद्यापीठानें हे दोन्ही कोश संगणकावर शोधतां येतील असे खुले केल्यापासून तर व्याख्येंतला एखादा शब्द घालून मूळ शब्द काढण्याचीहि सोय झाली आहे. तरी सर्व घरें एकवार स्वतः फिरून झाल्यावांचून कोशास हात लावूं नये, असा नियम आमच्या माहितीच्या एका घरांत आहे व तो आम्हांस पसंत आहे.

शुद्धलेखनाचा तंटा तेवढा जपून सोडवावा. १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि ‘कवि’, ‘हरि’, ‘जलधि’ यांचे अंत्य इकार मराठींत दीर्घ झाले. प्रस्तुत लेखक जुन्या अनुस्वारांचा हट्टी अभिमानी आहे, हें वाचकांस एव्हाना दिसलेंच असेल. पण घरांत अक्षर लिहितांना अभिमान बाजूस ठेवून, कोडें छापणाऱ्या पत्राची जी रीत तीच धरावी. नाहीं तर ‘जलधि’चें शेवटचें घर आणि त्याखालून निघणारा ‘धीर’ यांची गांठ कधींच पडावयाची नाहीं.

आणि कोडें सोडवून कंटाळा आला असेल तर एखादें रचून पाहावें. पांच बाय पांचची चौकट पुरे. शब्द बसविणें त्या मानानें सोपें असतें. खरी फजीति व्याख्या लिहितांना होते. घरांतल्या मुलास ‘फडताळ’ किंवा ‘उखळ’ या शब्दाची व्याख्या, वस्तु न दाखवितां आणि हातवारे न करतां, एका ओळींत लिहावयास सांगावी, आणि ती दुसऱ्या खोलींतल्या माणसाकडून सोडवून घ्यावी. शब्द परत आला नाहीं तर व्याख्या फाडून पुन्हा लिहावी. नमुन्यादाखल एक देऊन ठेवतों: ‘जें तुटल्यास बोक्याचें फावतें’, घरें दोन.